एका रात्रीत जगभर : नाताळबाबाचा हिशेब आणि सुरतेचा आंगडिया

नाताळ जवळ आला की घरोघरी गोठ्याची मांडामांड सुरू होते, करंज्यांचे सारण भाजले जाते, आणि त्याच सुमारास लहान मुलांच्या तोंडून एक प्रश्न हमखास बाहेर पडतो : नाताळबाबा एका रात्रीत साऱ्या जगातील मुलांना भेटी कशा पोहोचवितो? वडीलधारी मंडळी बहुधा हसून वेळ मारून नेतात. आम्हांस मात्र हा प्रश्न शहाणपणाचा वाटतो. माल किती, घरे किती, वेळ किती आणि माणसे किती, हे विचारल्याखेरीज कोणताही जाणता व्यापारी गाडी जुंपीत नाही; आणि मूल नेमके तेच विचारीत असते. म्हणून कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब एकदा नीट मांडून पाहावा असे आम्ही योजिले. मांडता मांडता आम्ही उत्तर ध्रुवाऐवजी सुरत शहरी जाऊन पोहोचलो. ते कसे, हे पुढे ओघाने येईलच.

मुळात हे काम एवढे मोठे नव्हते. संत निकोलस हे चौथ्या शतकातील मीरा नगरीचे बिशप. हे गाव आजच्या तुर्कस्तानात असून त्याचे सध्याचे नाव देम्रे. एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्ने हुंड्यावाचून अडली होती, तेव्हा त्यांनी रात्रीच्या अंधारात त्या घराच्या खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकल्या, अशी त्यांची कथा आपणांपैकी पुष्कळांनी ऐकली असेल. घर एक, थैल्या तीन, आणि देणारा कोण हे घेणाऱ्यास कळू नये एवढीच अट. त्यात वाहतुकीचा म्हणून काही प्रश्नच नव्हता. पुढे १०८७ साली त्यांचे अवशेष इटलीतील बारी शहरी नेण्यात आले, त्यांची कीर्ती युरोपभर पसरली, हॉलंडच्या लोकांबरोबर ती अमेरिकेस गेली, आणि १८२३ साली तेथील एका वृत्तपत्रात छापून आलेल्या कवितेने बिशपांना घसरगाडीवर बसवून तिला आठ हरणे जुंपली. नववे, लाल नाकाचे हरीण १९३९ साली एका दुकानाच्या जाहिरात-पुस्तिकेतून आले. गाडी वाढली, हरणे वाढली, आणि तीन मुलींच्या जागी साऱ्या जगाची मुले आली. खरी अडचण येथून सुरू होते.

आता वेळेचा विचार करू. रात्र एकच असली तरी ती सर्वत्र एकाच वेळी येत नाही, ही नाताळबाबाच्या दृष्टीने मोठीच सोय आहे. २५ डिसेंबरची मध्यरात्र जगात सर्वांआधी जेथे होते ते प्रशांत महासागरातील एक बेट आहे. कॅप्टन कुक १७७७ साली नाताळच्या आदल्या दिवशी तेथे पोहोचला, म्हणून त्याने त्यास नाताळचेच नाव दिले. तेथील लोकांच्या लिपीत ते किरितिमाती असे लिहितात आणि उच्चार मात्र 'किरिसिमास' असा करतात. किरिबाती देशाने १९९५ च्या प्रारंभी आपली तारीखरेषा सरकवून घेतल्यापासून या बेटाला हा पहिला मान मिळाला. तेथे मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे २४ तारखेचे दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. आपल्या घरांत अजून फराळाची भांडी घासली जात असतात. आणि अमेरिकन सामोआसारख्या अगदी शेवटच्या वस्त्यांत मध्यरात्र होईल तेव्हा आपल्याकडे २५ तारखेचे दुपारचे साडेचार झालेले असतील. पहिल्या मध्यरात्रीपासून शेवटच्या मध्यरात्रीपर्यंत पंचवीस तास मिळाले. मुले रात्री नवापासून पहाटे पाचपर्यंत गाढ झोपतात असे धरले (हे धरणे जरा उदारपणाचे आहे, हे प्रत्येक आईस ठाऊक आहे), तर आणखी आठ तास पदरात पडतात. एकूण तेहतीस तास.

पश्चिमेकडे जाणाऱ्याची रात्र लांबत जाते. सुरतेच्या अक्षांशावर पृथ्वीचा घेर सुमारे ३७,३७० किलोमीटर भरतो. त्यावरून कोणी तासाला साधारण १,५५० किलोमीटर वेगाने पश्चिमेस धावू लागला, तर त्याच्या घड्याळात बारा वाजलेले बाराच राहतील. आवाजाचा वेग तासाला सुमारे १,२२५ किलोमीटर आहे; म्हणजे हरणांच्या गळ्यातील घुंगरांचा नाद गाडीच्या मागे पडणार, आणि 'घुंगरे ऐकू आली म्हणजे नाताळबाबा आला' ही समजूत चुकीची ठरून 'घुंगरे ऐकू आली म्हणजे नाताळबाबा गेला' असे म्हणावे लागणार! सुरत आणि वसई ही दोन्ही गावे जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, तेव्हा या दोन्ही ठिकाणी त्याची वेळ एकच. जाता जाता एक गंमत सांगतो. आपले घड्याळ अलाहाबादजवळच्या रेखांशावर लावलेले असल्यामुळे सूर्याच्या हिशेबाने आपली खरी मध्यरात्र बाराला होतच नाही. ती होते बारा वाजून सुमारे एकोणचाळीस मिनिटांनी. मध्यरात्रीच्या मिस्सेला उशिरा पोहोचणाऱ्यांनी ही सबब पुढे करू नये, एवढी विनंती.

वेळ मिळाला, आता माल. संयुक्त राष्ट्रसंघाच्या गणनेप्रमाणे नोव्हेंबर २०२२ मध्ये जगाची लोकसंख्या ८०० कोटी झाली. तिच्यात पंधरा वर्षांखालील मुले साधारण एक चतुर्थांश, म्हणजे सुमारे २०० कोटी. धर्म, पंथ, देश असा भेद न करता सर्वांनाच भेट द्यावयाची, असे आम्ही धरितो. संत निकोलसांनीही त्या बापास त्याचा दाखला विचारला नव्हता. घरटी दोन मुले धरली तर घरे १०० कोटी. तेहतीस तासांचे सेकंद होतात १,१८,८००. भागाकार केला तर दर सेकंदास सुमारे ८,४०० घरे! एका श्वासात वसई तालुक्यातील कितीतरी गावे उरकली पाहिजेत, तीही प्रत्येक घरी उतरून, भेट ठेवून, कुत्रे न भुंकेल अशा बेताने.

आणि वजन? प्रत्येक भेट एक किलोची म्हटली तर वीस लाख टन. आपल्याकडील एक लांब मालगाडी सुमारे चार हजार टन माल ओढते. म्हणजे पाचशे मालगाड्या हव्यात. त्या एकीमागे एक उभ्या केल्या तर त्यांची रांग सुरतेच्या फलाटापासून निघून मुंबई मागे टाकील आणि कर्जतच्या वाटेला लागेल. हे सारे आठ हरणांच्या पाठी!

काही भार हलका होतो हेही खरे. हॉलंडमधील मुलांना भेटी ५ डिसेंबरच्या रात्रीच मिळतात, कारण संत निकोलसांचा सण ६ तारखेला असतो. स्पेनमध्ये त्या तीन राजांच्या सणाला, म्हणजे ६ जानेवारीच्या पहाटे येतात. इथिओपिया व रशिया या देशांत नाताळ ७ जानेवारीला पडतो. आर्मेनियन ख्रिस्तीजन ख्रिस्तजन्म ६ जानेवारीसच साजरा करतात. आणि हे आर्मेनियन आपणांस परके नव्हेत, कारण मोगलाईत सुरतेस त्यांची मोठी व्यापारी वस्ती होती आणि कतारगाम दरवाजाजवळ त्यांची जुनी दफनभूमी अद्याप आहे. तथापि अशी सूट कितीही धरली तरी बेरीज काही आवाक्यात येत नाही.

अमेरिकेच्या हवाई संरक्षणदलाने १९५५ पासून नाताळच्या रात्री नाताळबाबाच्या प्रवासाचा 'मागोवा' घेऊन मुलांना दूरध्वनीवर बातमी देण्याचा प्रघात पाडला आहे. एका दुकानाच्या जाहिरातीवरून मुलाने लाविलेला दूरध्वनी चुकून लष्करी कचेरीत लागला आणि तेथील अधिकाऱ्याने मुलाचे मन मोडले नाही, अशी त्याची हकीकत सांगतात. प्रघात गोड आहे; परंतु गाडी कोठवर आली हे सांगणे निराळे आणि ती हाकणे निराळे.

आता आमचा हिशेब एखाद्या सुरती व्यापाऱ्यापुढे ठेवला तर तो काय म्हणेल? आमची अशी कल्पना आहे की तो हरणांचे नावही काढणार नाही. तो दोनच गोष्टी विचारील : एवढा जड माल कशाला? आणि एकच माणूस कशाला?

पहिली गोष्ट वजनाची. हिऱ्याचे माप कॅरट; एक कॅरट म्हणजे ग्रॅमचा पाचवा हिस्सा. कॅरटचे शंभर भाग केले म्हणजे एक सेंट, आणि एका सेंटाचा हिरा दोन मिलिग्रॅमचा. सुरतेत असले बारीक हिरे ढिगांनी घडविले जातात. समजा जगातील २०० कोटी मुलांना असा एकेक हिरा वाटायचा ठरविला, तर एकूण वजन किती? चार टन. पाचशे मालगाड्यांच्या जागी एक ट्रक! मुलाला हिऱ्यापेक्षा चेंडू प्रिय असतो, हा भाग वेगळा. पण थोड्या वजनात पुष्कळ मोल मावले म्हणजे रात्रीतून जग गाठणे किती सोपे होते, हे यावरून दिसते. आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे सुरतेचा आंगडिया.

आंगडिया हा शब्द आपल्याकडे मुंबईच्या झवेरी बाजाराबाहेर फारसा ऐकू येत नाही. आंगडिया म्हणजे दुसऱ्याचा मोलाचा ऐवज आपल्या अंगावर वागवून एका गावाहून दुसऱ्या गावी बिनबोभाट पोहोचविणारा माणूस. अशा माणसांच्या पेढ्या असतात, आणि त्यांत बहुतेक उत्तर गुजरातेतील महेसाणा-पाटण बाजूचे, बरेचदा एकाच गावचे वा एकाच भावकीचे लोक कामास असतात. ते जे नेतात त्याला त्यांच्या बोलीत नाव आहे 'जोखम'. आपल्या मराठीतही जोखीम या शब्दाने धोका आणि मोलाचा ऐवज, असे दोन्ही अर्थ पूर्वीपासून सांगितले जातात. भाषेने हे दोन अर्थ एका शब्दात का बांधले, ते आंगडियाकडे पाहिले म्हणजे उमगते.

त्याचे काम असे चालते. सुरतेच्या महिधरपुऱ्यातील हिरेबाजारात दुपारभर रस्त्यावर, दुचाकीच्या बैठकीवर टेकून, तळहातावर कागद उलगडून सौदे होत असतात. हिरे ज्या घडीच्या कागदात ठेवतात त्याला गुजराती व्यापारी पडीकुं म्हणतात. आपल्या वैद्याच्या पुडीसारखाच त्याचा आकार. सायंकाळ झाली की व्यापारी या पुड्या बांधून, मोहोर करून आंगडियाच्या पेढीवर आणून देतो. किंमत सांगतो, त्या किमतीवर ठरलेली अल्पशी मजुरी भरतो, आणि त्याला मिळते ती एक छोटी चिठ्ठी. आंगडिया पुडी उघडीत नाही. आत काय आहे हे तो विचारतो ते मजुरीपुरते. खरे की खोटे हे पाहणे त्याचे काम नव्हे. मग गावोगावच्या पुड्या वेगळ्या करून बांधल्या जातात, अंगरख्याच्या आतील खिशांत किंवा पिशव्यांत जातात, आणि माणसे टोळीने रात्रीच्या गाडीत बसतात. सुरत ते मुंबई सेंट्रल हे अंतर २६३ किलोमीटर. सकाळी बाजार उघडण्यापूर्वी पुडी ज्याची त्याच्या हाती. पूर्वी ती ऑपेरा हाउसजवळच्या पंचरत्न इमारतीत जाई. २०१० साली वांद्रे-कुर्ला संकुलात हिरेबाजाराची नवी वास्तू उघडल्यावर तिकडे जाऊ लागली. रोकडीच्या व्यवहारात तर आणखी एक युक्ती ऐकण्यात येते. पैसे पाठविणारा एखाद्या दहा रुपयांच्या नोटेचा क्रमांक कळवितो. दुसऱ्या गावी जो ती नोट दाखवील त्याला रक्कम द्यायची. ना नाव, ना सही.

पाहा, नाताळबाबाच्या कोड्यातील किती गाठी येथे सुटल्या! एक माणूस सर्व घरे फिरत नाही; एका गावचा माल एका माणसाकडे, आणि त्या गावातील गल्ल्या त्याच्या पायांखालच्या. वेळ रात्रीची, कारण दिवसा व्यापार चालू असतो आणि माल रस्त्यावर पडून राहिला तर पैसा पडून राहतो. रात्री निवड, रात्री प्रवास, सकाळी वाटप. आपल्या टपालखात्यानेही हेच ओळखून १८६३ साली अलाहाबाद व कानपूरच्या दरम्यान धावत्या गाडीतच पत्रांची निवड करण्यास आरंभ केला होता.

ही सगळी व्यवस्था विश्वासावर उभी आहे असे म्हणण्याची पद्धत आहे, आणि ते खरेच आहे. परंतु आम्हांस वाटते की विश्वास हा शब्द येथे जरा भाबडेपणाने वापरला जातो. आंगडियाचा मुलगा, पुतण्या, गाववाले सर्व त्याच पेढीत असतात. एकाने पुडी बुडविली तर एकट्याची नोकरी जात नाही, साऱ्या गावाची भाकरी जाते. आणि हरवलेल्या मालाची भरपाई पेढीनेच करावी असा रिवाज आहे. म्हणजे या विश्वासाच्या मागे शेकडो घरांचे तारण ठेविलेले असते. त्यात धोकेही थोडे नाहीत. आंगडियांना लुटल्याच्या बातम्या वरचेवर येतात, काहींनी प्राणही गमाविले आहेत. सरकारलाही या मुक्या वाहतुकीचा संशय येतो, आणि तो निराधार असतो असे कोण म्हणेल? कर चुकविलेला पैसाही त्याच खिशांतून जाऊ शकतो. जुलै २०१३ मध्ये मुंबई सेंट्रलजवळ प्राप्तिकर खात्याने व राष्ट्रीय तपास यंत्रणेने आंगडियांची मालाने भरलेली वाहने अडविली, तेव्हा दोन्ही शहरांच्या बाजारांत काही दिवस खळबळ होती. रात्री गुपचूप देणे हे संताच्या बाबतीत पुण्य ठरले. व्यापाऱ्याच्या बाबतीत त्याची पावती मागितली जाते, आणि मागितली जावी हेच योग्य.

सुरतेच्या रक्तातच ही विद्या आहे. सतराव्या शतकात ती मोगलांचे प्रमुख बंदर होती. ऑगस्ट १६०८ मध्ये हॉकिन्स हा इंग्रज येथेच उतरला आणि बादशहापुढे जाण्याच्या खटपटीस लागला. त्या काळी सुरतेहून आग्र्यास रुपये पाठवायचे तर बैलांच्या पाठीवर चांदी लादावी लागत नसे. हुंडी लिहिली की काम झाले. माल जागचा हालत नाही आणि तरी मोल शेकडो कोस जाऊन पोहोचते, यापरते जादूचे वाटप कोणते? वीरजी वोरासारख्या सुरती सावकाराची पत इतकी मोठी होती की परदेशी कंपन्याही त्याच्याकडून कर्ज काढीत. या श्रीमंतीमुळेच जानेवारी १६६४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांची स्वारी सुरतेवर आली. फ्रेंच प्रवासी बर्निये याने लिहून ठेविले आहे की त्या धामधुमीत महाराजांनी कापुचिन मिशनरी फादर आंब्रोज यांच्या निवासास धक्का लागू दिला नाही. तसेच डच वखारीच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे घरही, तो हयातीत मोठा दानशूर होता असे कळल्यावरून, वगळले. हा दाखला येथे थोडा आडवाटेचा आहे, पण दान देण्याच्या विषयावर लिहिताना तो गाळणे आमच्याने होईना.

आता नाताळबाबाच्या कारखान्याकडे वळू. कथेत तो उत्तर ध्रुवावर असतो व तेथे बुटके कारागीर बारा महिने खेळणी घडवितात. प्रत्यक्षातील असा एक कारखाना सुरतेच्या वराछा आणि कतारगाम या भागांत आहे. जगातील दहा हिऱ्यांपैकी नऊ सुरतेत पैलू पाडले जातात असे मानले जाते. कारागीर बहुतेक सौराष्ट्रातून, भावनगर-अमरेलीकडून आलेले. पाऊसपाणी बेभरवशाचे म्हणून शेती सोडून निघालेले. ज्या फिरत्या तबकडीवर हिरा घासतात तिला घंटी म्हणतात. एका घंटीभोवती चौघे जण खाली मान घालून बसतात, आणि डोळ्याला भिंग लावून तांदळाच्या कणीएवढ्या खड्यावर सत्तावन्न पैलू उमटवितात. मजुरी बव्हंशी नगावर. नग नसेल त्या दिवशी मजुरीही नाही.

हे खडे जातात कोठे? त्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका, आणि तेथे दागिन्यांच्या खरेदीचा मोठा हंगाम म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर, ऐन नाताळ. झाडाखाली ठेवलेल्या एखाद्या डबीतील अंगठीचा खडा त्याआधी जवाहिऱ्याकडे, त्याआधी कोंदणकाराकडे, त्याआधी मुंबईच्या व्यापाऱ्याकडे आणि त्याहीआधी आंगडियाच्या खिशात असतो. म्हणून सुरतेचा नाताळ श्रावण-भाद्रपदातच उरकतो. दिवाळीला कारखाने बंद होतात, कारागीर बायकामुलांसह सौराष्ट्रातील गावी जातात, आणि ज्यासाठी त्यांनी डोळे शिणविले तो सण दूरदेशी साजरा होतो तेव्हा ते नव्या कामाची वाट पाहत असतात.

कधी कधी ही भेट राजदरबारीही जाते. जून २०२३ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीस साडेसात कॅरटचा एक हिरवट हिरा नजर केला. तो खाणीतला नव्हता. सुरतेतील प्रयोगशाळेत तयार केलेला होता. अमेरिकेच्या सरकारी नोंदीत त्याची किंमत वीस हजार डॉलर लाविली आहे. त्याच वर्षी १७ डिसेंबरला, म्हणजे नाताळला आठ दिवस असताना, सुरतेजवळ खजोद येथे हिरेबाजाराच्या प्रचंड इमारतीचे उद्घाटन झाले. तिच्यात साडेचार हजारांवर कचेऱ्या आहेत. सुरतेतच सौदा व्हावा, मुंबईस जाण्याची गरज राहू नये, हा तिचा हेतू. तो सिद्धीस गेला तर रात्रीच्या गाडीतील आंगडियाची जागा रिकामी होईल. पण मुंबईत घरदार केलेले व्यापारी अशा सहजी हालत नाहीत, असेच आजवर दिसले.

मात्र ही इमारत उभी राहिली तेव्हाच घंट्या थंडावू लागल्या होत्या. परदेशी मागणी उतरली, आणि तयार माल साचू नये म्हणून १५ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर २०२३ असे दोन महिने व्यापाऱ्यांनी कच्चे हिरे आणविणे आपण होऊन थांबविले. पुढल्या वर्षी कामाच्या टंचाईने कारागिरांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा त्यांच्या संघटनेने जुलै २०२४ मध्ये दूरध्वनीवरील मदतकेंद्र उघडले. कोलोराडोत नाताळच्या रात्री दूरध्वनी वाजतो तो निराळा, आणि हा निराळा. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांवर नेली. म्हणजे नाताळचा माल रवाना होण्याचा तो नेमका हंगाम! ज्या खड्याला मुंबई गाठावयास एक रात्र पुरत होती, त्याला अमेरिकेचे दार मात्र अडले.

हिऱ्यांइतके बोलके नसले तरी सुरतेचे दुसरे गाठोडे आपल्या घरांत अधिक येते. ते साड्यांचे. रिंग रोडवरील कापडबाजारातून रोज संध्याकाळी ताग्यांच्या व साड्यांच्या गाठी बांधल्या जातात, त्यांवर शाईने गावांची नावे लिहिली जातात, आणि ट्रक व रेल्वे देशाच्या कानाकोपऱ्यात निघतात. मागांवर ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातील मजूर आहेत. उधना-लिंबायत बाजूस आपले खानदेशी बांधव इतके आहेत की तेथे मराठी कानी पडल्याशिवाय रस्ता संपत नाही. ते ताप्तीकाठच्या रेल्वेने नंदुरबार, अमळनेर, धुळे-जळगाव भागांतून आले. साडीला टिकल्या लावणे, किनार शिवणे, सुटे दोरे कापणे ही कामे त्यांच्या घरच्या बायका घरी बसून नगावर करतात. नाताळला घेतलेल्या नव्या साडीच्या काठावर एखादी टिकली जरा तिरपी बसलेली दिसली, तर ती कोणत्या दिव्याच्या उजेडात लाविली गेली असेल याचा अंदाज बांधता येतो.

राहता राहिली मुलांच्या संख्येची गोष्ट. वर आम्ही २०० कोटी मुले धरली, त्यांत वराछा आणि कतारगामची मुलेही आलीच. मे २०२५ मध्ये गुजरात सरकारने काम गेलेल्या हिरे-कारागिरांच्या मुलांची शाळेची फी एका वर्षापुरती, १३,५०० रुपयांच्या मर्यादेत, भरण्याची योजना जाहीर केली. तिच्यासाठी अर्ज करावा लागला, दाखले जोडावे लागले, आणि बापाचे काम केव्हा सुटले हे लिहून द्यावे लागले. त्या शाळांतील एखाद्या मुलाला नाताळबाबाचा वेग विचारला तर कदाचित सांगता येणार नाही. पण संध्याकाळी आंगडियाच्या पेढीवर दिलेली पुडी सकाळी मुंबईत पोहोचते, हे त्याला पक्के ठाऊक असते. कच्च्या मालाची पुढली पुडी घंटीवर कधी येणार, ते त्याच्या बापालाही माहीत नसते.